सीमेवरचा माणूस : रॉबर्ट शुमान

वाचकहो, युद्ध संपल्यावर पराभूत शत्रूचे काय करावे, हा प्रश्न जितका जुना तितकाच अवघड आहे. युरोप खंडाने दीर्घकाळ त्याचे एकच उत्तर दिले. १८ जानेवारी १८७१ रोजी फ्रान्सला नमवणाऱ्या जर्मनांनी आपल्या नव्या साम्राज्याची घोषणा केली ती बर्लिनमध्ये नव्हे, तर पॅरिसजवळच्या व्हर्साय राजवाड्यातील आरसेमहालात. पुढे २८ जून १९१९ रोजी फ्रान्सने पराभूत जर्मनीच्या प्रतिनिधींना तहावर सही करण्यासाठी बोलावले, तेही त्याच आरसेमहालात. नोव्हेंबर १९१८ मध्ये काँपियेन्यच्या अरण्यात रेल्वेच्या ज्या डब्यात जर्मनांनी शस्त्रसंधी स्वीकारला होता, तोच डबा संग्रहालयाची भिंत फोडून बाहेर काढण्यात आला आणि जून १९४० मध्ये हिटलरने फ्रेंचांना त्यात आणून बसवले. महाल तोच, डबा तोच. मान खाली घालणारे तेवढे बदलत होते. सूड उगवण्यातही माणूस किती नेटका असतो पाहा!

ही साखळी ९ मे १९५० रोजी तुटली. ती तोडणारा मनुष्य कोणी सेनापती नव्हता, वक्ता नव्हता, लोकांच्या डोळ्यांत भरावे असे त्याच्यापाशी काहीही नव्हते. वय त्रेसष्ट, डोक्याला टक्कल, अंगाने कृश, किंचित वाकलेला, अविवाहित, रोज सकाळी मिस्सा चुकवू नये अशी धडपड करणारा आणि फ्रेंच बोलताना जर्मन वळणाचे उच्चार करणारा हा गृहस्थ त्या वेळी फ्रान्सचा परराष्ट्रमंत्री होता. त्याचे नाव रॉबर्ट शुमान. एकोणिसाव्या शतकातील प्रख्यात जर्मन संगीतकाराचेही नाव हेच, म्हणून पुष्कळांची गफलत होते; दोघांचा परस्परांशी काही संबंध नाही.

शुमान यांचे आयुष्य समजून घ्यायचे तर आधी एका प्रदेशाचे दैव समजून घ्यावे लागते. फ्रान्सच्या ईशान्येला लोरेन नावाचा प्रांत आहे. त्याच्या पोटात लोखंडाचे खनिज, आणि ऱ्हाइनपलीकडे जर्मनीच्या रूर खोऱ्यात उत्तम कोळसा. लोखंड वितळवायला कोळसा हवा, कोळशाचे चीज व्हायला लोखंड हवे. निसर्गाने जे शेजारी ठेवले होते त्याच्या मधून माणसाने सीमा आखली आणि ती सीमा पुढेमागे सरकवण्यासाठी पाऊणशे वर्षांत तीन युद्धे केली. १८७१ साली लोरेनचा मोठा भाग आल्सेससह जर्मनीकडे गेला. रॉबर्टचे वडील जाँ-पिएर हे लोरेनमधल्या एव्रांज गावचे. जन्माने फ्रेंच असलेला हा मनुष्य गाव न हलवता, घर न बदलता जर्मन प्रजाजन ठरला. पुढे ते लक्झेम्बर्गला स्थायिक झाले आणि तिथल्याच युजेनी द्युरेन यांच्याशी त्यांनी विवाह केला. २९ जून १८८६ रोजी लक्झेम्बर्ग शहराच्या क्लाउसेन उपनगरात रॉबर्टचा जन्म झाला. आता बघा, मुलगा लक्झेम्बर्गमध्ये जन्मला, वडिलांमुळे नागरिकत्व जर्मन, घराण्याची ओढ फ्रान्सकडे, आणि आईच्या तोंडची बोली लक्झेम्बर्गी! अशा मुलाला शत्रूदेश म्हणजे नेमका कोणता, हे कोणी कसे शिकवावे?

वडील १९०० साली वारले. एकुलत्या एका मुलाला वाढवणारी आई अत्यंत श्रद्धाळू होती आणि तिचा ठसा त्यांच्या मनावर कायमचा राहिला. बॉन, म्युनिक, बर्लिन आणि स्ट्रासबुर्ग या जर्मन विद्यापीठांतून त्यांनी कायद्याचे शिक्षण घेतले आणि १९१० मध्ये डॉक्टरेट मिळवली. पुढच्याच वर्षी घोडागाडीच्या अपघातात आई गेली. पंचवीस वर्षांच्या या तरुणाला जगात आपले असे कोणी उरले नाही. वकिली सोडून धर्मगुरू व्हावे, मठात जावे, असे त्यांच्या मनाने घेतले. तेव्हा एका जिवलग मित्राने त्यांना पत्र लिहून परावृत्त केले. येत्या काळातले संत झग्यात नव्हे, तर साध्या कोटात वावरणारे असतील, अशा आशयाचे ते पत्र होते. शुमान यांनी ते मनावर घेतले. लग्न केले नाही, संन्यासही घेतला नाही. १९१२ मध्ये मेट्झ शहरात वकिलीची पाटी लावली. प्रापंचिक माणसाच्या पाचारणाविषयी आपल्या मंडळींत आज पुष्कळ बोलले जाते. त्या काळी तो विचार नवा होता.

पहिल्या महायुद्धात प्रकृतीच्या कारणावरून त्यांना रणभूमीवर पाठवण्यात आले नाही. जर्मन प्रशासनात कारकुनी स्वरूपाची कामे त्यांच्या वाट्याला आली. १९१८ मध्ये जर्मनी हरली, लोरेन पुन्हा फ्रान्सचे झाले आणि शुमान बत्तिसाव्या वर्षी फ्रेंच नागरिक झाले. पुढल्याच वर्षी ते फ्रान्सच्या संसदेत निवडून गेले. तेथील पहिली वीस वर्षे त्यांनी फारसे नाव न होऊ देता काढली. त्यांचे मुख्य काम एकच होते. जवळजवळ अर्धशतक जर्मन कायद्याखाली राहिलेल्या आपल्या प्रांताला फ्रेंच कायद्यात सामावून घ्यायचे, पण तसे करताना जर्मन अमदानीत मिळालेले चांगले ते, उदाहरणार्थ कामगारांचा विमा आणि धर्मसंस्थांविषयीची जुनी व्यवस्था, फेकून द्यायचे नाही. पराभूत राज्याच्या कायद्यातही राखण्याजोगे काही असते, हे विजयाच्या धुंदीतल्या पॅरिसला पटवणे सोपे नव्हते. कलमामागून कलम, समितीमागून समिती, असे ते रुक्ष काम होते. वाचकहो, पुढे खंडाची घडी बसवणारा हात या कंटाळवाण्या कामातच तयार झाला, असे मला वाटते.

आता त्यांच्या चरित्रातले एक पान असे आहे, जे त्यांचे चाहते घाईने उलटतात. आपण तसे करू नये. मार्च १९४० मध्ये निर्वासितांच्या व्यवस्थेसाठी शुमान यांना उपमंत्री नेमण्यात आले. मे-जून महिन्यांत फ्रान्स कोसळले. १० जुलै १९४० रोजी विशी येथे जमलेल्या संसदेने ५६९ विरुद्ध ८० मतांनी सर्व सत्ता वृद्ध मार्शल पेताँ यांच्या हाती सोपवली, म्हणजेच प्रजासत्ताकाने स्वतःच्या हाताने आपला गळा आवळला. त्या ५६९ मतांत एक मत शुमान यांचे होते. त्या राजवटीत मंत्रिपद मात्र त्यांनी पुढे सांभाळले नाही. सप्टेंबरमध्ये ते मेट्झला परतले, तोवर तिथे जर्मनांचा अंमल बसला होता. गेस्टापोने त्यांना अटक केली. जर्मनांच्या हाती लागलेले ते पहिले फ्रेंच संसद-सदस्य. सात महिने मेट्झच्या तुरुंगात एकांतवास घडला. नंतर जर्मनीतल्या नॉयश्टाट गावी त्यांना नजरकैदेत ठेवण्यात आले. जर्मन अधिकाऱ्यांनी सहकार्यासाठी गळ घातली. त्यांनी मानली नाही. ऑगस्ट १९४२ मध्ये ते निसटले. पुढची दोन वर्षे नाव बदलून, मठामठांतून आणि आश्रयदात्यांच्या घरांतून त्यांनी दिवस काढले. जर्मनी हे युद्ध हरणार, हे तिथल्या मुक्कामात त्यांनी ताडले होते आणि भेटेल त्याला ते तसे सांगत. युद्धानंतर जर्मनीला आपल्यात सामावून घेतल्याखेरीज युरोपला शांतता नाही, हा विचारही याच दिवसांत त्यांच्या मनात पक्का होत होता.

सुटकेनंतर मात्र ते जुने मत आडवे आले. पेताँ यांना मत देणाऱ्यांना सार्वजनिक जीवनातून बाहेर काढण्यात येत होते. शुमानही अपात्र ठरले. १९४५ मध्ये जनरल द गॉल यांच्याकडे त्यांनी दाद मागितली, प्रकरण निकालात निघाले आणि त्याच वर्षी ते पुन्हा निवडून आले. एका कसोटीच्या क्षणी चुकलेल्या माणसाला त्याच्या देशाने परत मेजाशी बसू दिले. पाच वर्षांनी त्याने एका अख्ख्या राष्ट्राला मेजाशी बसवले. या दोन गोष्टींचा संबंध त्यांनी स्वतः कधी जोडून दाखवला की नाही, याने फरक पडत नाही. वाचणाऱ्याला तो टाळता येत नाही.

१९४६ पासून ते अर्थमंत्री, नोव्हेंबर १९४७ मध्ये पंतप्रधान, आणि जुलै १९४८ पासून परराष्ट्रमंत्री झाले. पंतप्रधानपदाचे दिवस अन्नटंचाईचे आणि प्रचंड संपांचे होते. संसदेत कम्युनिस्ट सदस्यांनी त्यांच्या तोंडावर त्यांना जर्मनांसाठीच्या तुच्छतादर्शक नावाने हिणवले. शुमान शांत बसून राहिले. परराष्ट्र खात्याच्या प्रासादात ते रात्री निघताना स्वतः फिरून दिवे मालवत, सरकारी वीज वाया जाऊ नये म्हणून, अशी आठवण सांगतात. मंत्रीमहोदयांच्या वाहनांच्या ताफ्याने रस्ते अडलेले पाहणाऱ्या आपल्यासारख्यांना ही गोष्ट दंतकथेसारखी वाटली तर नवल नाही.

परराष्ट्र खात्यात त्यांना वारसा मिळाला तो जुन्याच उत्तराचा. १९४५ नंतर फ्रान्सचे धोरण जर्मनीला दुबळे ठेवण्याचे होते. रूरचा कोळसा आंतरराष्ट्रीय नियंत्रणाखाली, सारचा कोळसा फ्रान्सच्या अर्थव्यवस्थेत, आणि पोलाद-उत्पादनावर वर्षाला सुमारे १ कोटी ११ लाख टनांची मर्यादा. हे पूर्वी एकदा करून झाले होते. व्हर्सायच्या तहानंतर खंडणी थकली म्हणून फ्रान्सने १९२३ मध्ये रूरमध्ये फौज घुसवली होती. त्यातून कोळसा थोडा आणि द्वेष अमाप निघाला. आता परिस्थिती आणखी बिकट होती. रशिया आणि अमेरिका यांच्यात शीतयुद्ध पेटले होते, अमेरिकेला जर्मनी सबळ हवी होती आणि निर्बंध एकामागून एक ढिले होणार हे उघड दिसत होते. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डीन अॅचिसन यांनी सप्टेंबर १९४९ मध्ये शुमान यांनाच सांगितले की, जर्मनीविषयी पश्चिमेचे धोरण काय असावे हे फ्रान्सने सुचवावे. ११ मे १९५० च्या सुमारास लंडनला तिन्ही परराष्ट्रमंत्री भेटायचे होते. शुमान यांच्या हातात काहीच नव्हते. जानेवारीत ते बॉनला जाऊन आले होते, पण सारच्या प्रश्नावरून ती भेट गारठलेलीच ठरली होती.

येथे जाँ मॉने यांचा प्रवेश होतो. कॉन्याक गावच्या मद्यव्यापारी घराण्यातले हे गृहस्थ कधी कोणत्या निवडणुकीला उभे राहिले नाहीत, पण दोन्ही महायुद्धांत दोस्तांच्या पुरवठ्याची गणिते त्यांनी जुळवली होती आणि त्या वेळी ते फ्रान्सच्या नियोजन आयोगाचे प्रमुख होते. दोन-चार सहकाऱ्यांना घेऊन त्यांनी एक टिपण तयार केले. कल्पना अशी की, जर्मनीच्या कोळसा-पोलादावर फ्रान्सने पहारा ठेवण्याऐवजी दोन्ही देशांचे सारे कोळसा-पोलाद एका सामायिक अधिकारमंडळाच्या हवाली करावे. त्याचे निर्णय दोघांनाही बंधनकारक. इतर देशांनाही दार उघडे. बंधन असेल तर ते जेत्यालाही तितकेच. तोफा आणि रणगाडे ज्या पदार्थांतून घडतात, ते पदार्थच एकट्याच्या हुकमतीत राहणार नाहीत, तर एकमेकांविरुद्ध गुपचूप युद्धाची तयारी करणे अशक्य होईल.

टिपण पंतप्रधान बिदो यांच्याकडेही गेले होते. त्यांनी ते लक्षपूर्वक पाहिले नाही. शुमान एप्रिलअखेरच्या सुट्टीसाठी गावी निघाले होते. त्यांचे सचिव बर्नार क्लापिए यांनी स्थानकावर, गाडी सुटायच्या बेतात असताना, तो कागद त्यांच्या हाती दिला. मेट्झजवळच्या सी-शाझेल या खेड्यात शुमान यांचे साधे घर होते. पुस्तके, जुनी हस्तलिखिते आणि बाग यांशिवाय तिथे फार काही नव्हते. सुट्टीचे ते दिवस त्यांनी त्या कागदाच्या सोबतीने काढले. ज्या मातीसाठी तीन युद्धे झाली त्याच मातीत हे घर उभे होते. सोमवारी, १ मे रोजी, ते पॅरिसच्या स्थानकावर उतरले आणि क्लापिए यांना त्यांनी थोडक्यात सांगितले की, आपण हे काम अंगावर घेत आहोत. मुत्सद्देगिरीच्या इतिहासात एवढा मोठा निर्णय इतक्या कमी शब्दांत क्वचितच झाला असेल.

पुढचे आठ दिवस गुप्ततेचे होते. परराष्ट्र खात्यातल्या अनुभवी अधिकाऱ्यांनाही बहुतेक अंधारात ठेवण्यात आले, कारण बेत फुटला तर रूर आणि लोरेनचे कारखानदार तो जन्मण्यापूर्वीच मारतील, अशी भीती होती. लोकशाही देशात असे करावे काय, असा प्रश्न वाचक विचारतील. प्रश्न रास्त आहे. पण घोषणेनंतर हा प्रस्ताव सहाही देशांच्या संसदांपुढे गेला आणि खुल्या चर्चेने संमत झाला, हेही लक्षात घ्यावे. अॅचिसन ७ मे रोजी पॅरिसला उतरले, तेव्हा त्यांना विश्वासात घेतले गेले. ९ मे रोजी सकाळी पॅरिसमध्ये मंत्रिमंडळाची बैठक चालू असताना शुमान यांचा एक विश्वासू माणूस बॉनमध्ये चॅन्सेलर कॉनराड आडेनाउअर यांच्या कचेरीत पत्र घेऊन बसला होता. चॅन्सेलरही तिथे आपल्या मंत्रिमंडळात गुंतलेले. चिठ्ठी आत गेली, पत्र वाचले गेले आणि आडेनाउअर यांनी तत्काळ मनःपूर्वक होकार दिला. फोनवरून तो होकार पॅरिसला पोचला, तेव्हा कुठे शुमान यांनी आपल्या सहकाऱ्यांसमोर विषय मांडला. त्यांचे बोलणे नेहमीप्रमाणे इतके पुटपुटते होते की, आपण कशाला मान्यता देत आहोत हे सर्वच मंत्र्यांना नीट उमगले असेल असे नाही!

सायंकाळी सहा वाजता परराष्ट्र खात्याच्या घड्याळ-दालनात पत्रकार जमले. शुमान यांनी चष्मा लावून एका सुरात निवेदन वाचले. या घाईत छायाचित्रकाराला बोलावण्याचे राहूनच गेले. आज आपण पुस्तकांतून जे छायाचित्र पाहतो, ते पुढे केव्हातरी तो प्रसंग पुन्हा उभा करून काढलेले आहे. युरोप एका दिवसात वा एका आराखड्याने उभा राहणार नाही, प्रत्यक्ष कामांतून आणि त्यातून निर्माण होणाऱ्या एकजुटीतून तो घडेल, असा त्या निवेदनाचा गाभा होता. क्षमा हा शब्द त्यात कुठे नाही. पण सहा वर्षांपूर्वी पॅरिसवर ज्यांचा झेंडा होता, ज्यांच्या छळछावण्यांतून परतलेल्यांच्या जखमा ओल्या होत्या, त्यांना बरोबरीचे स्थान देऊ करणारा तो कागद होता. कबुलीघरात क्षमा एका माणसाला मिळते. राष्ट्राला ती द्यायची तर तिला कलमे, कारभारी आणि न्यायालय लागते, हे या वकिलाने ओळखले होते.

पराभूताला मेजाशी बसवण्याचा हा पहिलाच प्रयोग नव्हता, हेही सांगायला हवे. नेपोलियनच्या युद्धांनंतर १८१४-१५ मध्ये व्हिएन्ना येथे युरोपचे राजे आणि मुत्सद्दी जमले, तेव्हा हरलेल्या फ्रान्सचे प्रतिनिधी तालेराँ यांना त्यांनी चर्चेत सामील करून घेतले होते. त्या शहाणपणामुळे बड्या सत्तांमधले युद्ध जवळजवळ चाळीस वर्षे टळले. परंतु ती घडी राजांची होती. पोलंडसारख्या देशांची वाटणी करताना तिथल्या जनतेला कोणी विचारले नाही. बड्यांनी ठरवावे आणि लहानांनी ऐकावे, हाच तिचा पाया होता. शुमान यांच्या योजनेच्या वाटाघाटी २० जून १९५० पासून पॅरिसमध्ये सुरू झाल्या, तेव्हा नेमका हाच प्रश्न पुढे आला. नेदरलँड्स आणि बेल्जियम यांनी हट्ट धरला की, नव्या अधिकारमंडळाच्या जोडीला सर्व देशांच्या मंत्र्यांचे मंडळही हवे, नाहीतर फ्रान्स आणि जर्मनी आम्हाला गिळून टाकतील. मॉने यांच्या मूळ आराखड्यात ते नव्हते. ते घालावे लागले, आणि घातले ते बरेच झाले. त्याशिवाय संयुक्त सभा आणि न्यायालय.

ब्रिटनने भाग घेतला नाही. आपल्या कोळशाच्या खाणी नुकत्याच राष्ट्राच्या मालकीच्या केलेल्या मजूर सरकारला त्या परक्या मंडळाच्या हवाली करणे रुचले नाही, शिवाय आपल्याला आधी विचारले नाही याचा रागही होता. मग सहा देशांनीच पुढे जायचे ठरवले. फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेम्बर्ग यांनी १८ एप्रिल १९५१ रोजी पॅरिसच्या तहावर सह्या केल्या. तहाची प्रत डच कागदावर जर्मन शाईने फ्रान्समध्ये छापली होती आणि तिला इटालियन रेशमाच्या फिती होत्या, असे सांगतात. २३ जुलै १९५२ पासून तह अमलात आला. १० फेब्रुवारी १९५३ रोजी कोळशाची आणि १ मे रोजी पोलादाची सामायिक बाजारपेठ खुली झाली. लोरेनचे खनिज आणि रूरचा कोळसा यांच्यामधला जकातनाका उठला.

आडेनाउअर, इटलीचे पंतप्रधान आल्चीदे दे गास्पेरी आणि शुमान हे तिघेही कॅथलिक, तिघेही सीमाभागातले. दे गास्पेरी तर तरुणपणी ऑस्ट्रियाच्या संसदेचे सदस्य होते. तिघांना एकमेकांशी जर्मनमध्ये दुभाष्याविना बोलता येई. त्यावरून टीकाकारांनी ही सारी व्हॅटिकनची कारवाई असल्याची ओरड केली. ती खरी नव्हती. मूळ टिपण लिहिणारे मॉने काही धर्मनिष्ठ म्हणून प्रसिद्ध नव्हते आणि बेल्जियमचे पॉल-आन्री स्पाक हे समाजवादी नेते पुढे या कार्याचे मोठे आधारस्तंभ ठरले. शुमान यांची श्रद्धा त्यांनी योजनेवर चिकटवली नाही. श्रद्धेने त्यांना जे दिले ते वेगळेच होते. मान खाली घालायला लावल्याने शत्रू बदलत नाही, हे त्यांना आतून पटले होते, आणि त्यासाठी स्वतःच्या लोकांची नाराजी सोसण्याचे बळ त्यांच्यात होते.

आता भारतीय वाचकाच्या मनात जो प्रश्न आल्याशिवाय राहणार नाही, त्याकडे वळू. ज्या आठवड्यात शुमान ऱ्हाइनच्या पलीकडे हात पुढे करत होते, त्याच आठवड्यात गंगेकाठी काय चालले होते? १९४९ च्या जनमतानुसार बंगालमधील चंद्रनगर ही फ्रेंच वसाहत २ मे १९५० रोजी भारताच्या ताब्यात आली. म्हणजे शुमान पॅरिसच्या स्थानकावर उतरले त्याच्या दुसऱ्याच दिवशी. इथवर ठीक. परंतु ८ मे रोजी, घोषणेच्या आदल्या दिवशी, त्याच शुमान यांच्याशी पॅरिसमध्ये बोलणी करून अॅचिसन यांनी व्हिएतनामच्या युद्धात फ्रान्सला अमेरिकेची मदत जाहीर केली. डिसेंबर १९५१ मध्ये ट्युनिशियाच्या स्वराज्याची मागणी फेटाळणारे पत्र गेले, त्यावरही सही शुमान यांचीच. मंत्रिमंडळातल्या वसाहतवाद्यांपुढे आणि तिथल्या फ्रेंच अधिकाऱ्यांपुढे त्यांचे चालत नसे, असे त्यांच्या बाजूने म्हटले जाते आणि त्यात तथ्य आहे. तरीही हिशेब हिशेबच. युरोपातल्या शत्रूला त्यांनी जे समान आसन दिले, ते आशिया-आफ्रिकेतल्या प्रजेला देण्याइतके बळ त्यांनी दाखवले नाही. पुदुच्चेरीचा कारभार भारताकडे आला तो १ नोव्हेंबर १९५४ रोजी, शुमान पायउतार झाल्यानंतर.

त्यांच्या पुढच्या स्वप्नालाही तडा गेला. कोळसा-पोलादाच्या धर्तीवर सहा देशांचे एकत्र सैन्य उभारण्याचा करार २७ मे १९५२ रोजी झाला. जर्मनांच्या हाती पुन्हा शस्त्रे, ही कल्पनाच अनेक फ्रेंचांना असह्य होती. जानेवारी १९५३ मध्ये शुमान यांना परराष्ट्र खाते सोडावे लागले आणि ३० ऑगस्ट १९५४ रोजी हा करार फ्रान्सच्याच संसदेने बासनात गुंडाळला. घाईने टाकलेले पाऊल मागे घ्यावे लागले. संथ पाऊल मात्र टिकले. सारचा प्रश्न, ज्यावरून १९५० मध्ये बॉनची भेट फसली होती, तो १९५५ मध्ये मतपेटीने सोडवला. सारच्या जनतेने कौल दिला आणि १ जानेवारी १९५७ रोजी तो प्रदेश पश्चिम जर्मनीत सामील झाला. फ्रान्सने एक गोळीही झाडली नाही. वीस वर्षांपूर्वी हे कोणाला खरे वाटले असते? त्याच वर्षी २५ मार्चला रोमच्या करारांनी सहा देशांची व्यापक सामायिक बाजारपेठ स्थापन झाली. मार्च १९५८ मध्ये स्ट्रासबुर्गच्या युरोपीय संसदीय सभेने शुमान यांना आपले पहिले अध्यक्ष म्हणून एकमताने निवडले. १९६० मध्ये ते पद सोडताना सभेने त्यांना युरोपचा पिता म्हणून गौरवले.

अखेरची वर्षे आजारपणात गेली. ४ सप्टेंबर १९६३ रोजी सी-शाझेलच्या त्या घरी त्यांनी देह ठेवला. त्यांच्या मागे ना पत्नी, ना मूल. वकील, मंत्री, पंतप्रधान अशा साऱ्या पदांनंतर उरले ते घर आणि त्यातली पुस्तके.

पॅरिसचा तह पन्नास वर्षांसाठीच होता. २३ जुलै २००२ रोजी त्याची मुदत शांतपणे संपली आणि त्याचे काम युरोपीय संघाने आपल्याकडे घेतले. ज्या कोळशासाठी फौजा चालून गेल्या, त्याचे दिवसही सरले. फ्रान्सची शेवटची कोळशाची खाण एप्रिल २००४ मध्ये बंद झाली. ती लोरेनमध्येच होती. रूरमधली शेवटची खाण डिसेंबर २०१८ मध्ये मिटली. ब्रिटन १९७३ मध्ये आत आला आणि ३१ जानेवारी २०२० रोजी बाहेर पडला. खंडाच्या पूर्वेला, या घडीच्या बाहेर, आधी युगोस्लाव्हियात आणि फेब्रुवारी २०२२ पासून युक्रेनमध्ये पुन्हा रणगाडे धावले. त्या सहा देशांपैकी कोणीही मात्र १९५० नंतर एकमेकांवर शस्त्र उगारलेले नाही.

शुमान यांना संतपद मिळावे यासाठीची चौकशी मेट्झ धर्मप्रांतात १९९० मध्ये सुरू झाली. पेताँ यांना दिलेले मत, तुरुंगवास, मंत्रिपदाचे कागद, खासगी पत्रे असे सारे तपासले गेले. चौदा वर्षांनी धर्मप्रांताचे काम पुरे होऊन कागदपत्रे रोमला गेली आणि १९ जून २०२१ रोजी पोप फ्रान्सिस यांनी त्यांचे सद्गुण वीरोचित असल्याच्या फर्मानाला मान्यता दिली. सी-शाझेलला त्यांच्या घरासमोरच संत क्वेंतँ यांच्या नावाचे एक लहानसे, किल्ल्यासारख्या जाड भिंतींचे प्राचीन चर्च आहे. गावच्या दफनभूमीतून त्यांचे अवशेष १९६६ मध्ये तिथे आणून ठेवण्यात आले. घराचे दार आणि चर्चचे दार यांच्यामध्ये गावातला एक अरुंद रस्ता तेवढा आहे.